तिसऱ्या मजल्यावरची गळती

रविवारी सकाळपासून दादा धड बसला म्हणून नाही. खुर्चीला टेकायचा, उठायचा, खिडकीपाशी जायचा, परत यायचा, टेबलावरचा मिठाचा डबा उचलून हातात तोलायचा. ‘पाऊण किलोला थोडं कमी,’ असं स्वतःशीच पुटपुटायचा. तिसऱ्या वेळी वहिनीने तो डबा त्याच्या हातातून काढूनच घेतला.

“अहो, एका जागी बसा ना. तुमच्याकडे बघून मला गरगरायला लागलंय.”

“बसलोच होतो की.”

“कधी?”

एकोणीस वर्षं वजनकाट्यांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढलेला माणूस. दिसेल ती वस्तू तोलणारच, त्याला इलाज नाही. पण आज शर्टाच्या खिशात राजीनाम्याचं पाकीट होतं आणि त्याचं वजन काही त्याला सांगता येत नव्हतं. पाकिटाचं वहिनीला ठाऊक होतं, कारण शुक्रवारी समोर बसून तिनेच ते लिहून घेतलं होतं. उद्या सकाळी दहाला तो ते देणार होता. आणि सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, आज सगळ्यांना जेवायला बोलावलंय ते त्या पाकिटाला फाटे फोडायलाच, एवढं न कळायला ती काय कुकुलं बाळ होती?

वहिनी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसाला चाळीस दंडांत सुई घालणारी बाई. कोण पांढरा पडणार हे तिला सुई टोचायच्या आधी कळतं. दादा गेले सहा महिने पांढरा पडत चालला होता.

दीड वर्षापूर्वी त्याच्या खात्यात अकरा जण होते. काढलं कुणालाच नाही, हां! एकाचं टेबल संडासाच्या दाराशी नेऊन ठेवलं, तो गेला. दोघींच्या भागात जाणारी कंपनीची बस बंद झाली, त्या गेल्या. एकाला आजारी आईसाठी रजा मिळेना, तोही गेला. जागा कुणाची भरली नाही, काम तेवढं उरलेल्यांच्या डोक्यावर. दादाला चारचौघांत बोलता येतं अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे निरोपाचं भाषण दर वेळी त्याच्याच गळ्यात. दहावं भाषण त्याने दोन महिन्यांपूर्वी केलं. ऐकायला, ज्याचा निरोप होता तो एकटाच होता. भाषण संपल्यावर दोघांनी मिळून केक कापला आणि उरलेला पहारेकऱ्याला दिला. आता तिसऱ्या मजल्यावर दहा रिकामी टेबलं, एक माणूस, आणि तपासायला काटेही येत नाहीत.

साडेबाराला बेबी आणि जावई आले. बेबी ही दादाची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी बेबीच. जावईही त्याच कारखान्यात, चौथ्या मजल्यावर, कर्मचारी खात्यात. एके काळी तिसऱ्या मजल्यावर दादाच्या हाताखालचा शिकाऊ उमेदवार होता. दादानेच त्याला घरी आणलं, दादानेच बहिणीसाठी सुचवलं, आणि लग्नाच्या दिवसापासून त्याला ‘तू’ म्हणायचं सोडून ‘तुम्ही’ म्हणायला लागला.

ताटं वाढली. पहिले दोन घास होईपर्यंत अप्पांनी कसाबसा धीर धरला.

“राजीनामा द्यायचा नाही,” ते म्हणाले. “मी त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं जोडणी खात्यात फोरमन होतो. मला नका शिकवू.”

“कुणी शिकवलं तुम्हाला?” आई म्हणाली. “भात घ्या.”

“आमच्या वेळीही माणसं काढली. सतरा जण. फाटकावर यादी लागली होती, नावानिशी. खाली साहेबाची सही. लोक यादीपुढे रडले, शिव्या घातल्या, एकाने तर साहेबाची टोपी काढून नाल्यात फेकली. पण साहेब फाटकाशी उभा होता! काढलंय म्हणून सांगायला हजर होता. यांचा हा काय प्रकार आहे, मला काही कळत नाही. पाठवायचं तर पाठवा, ठेवायचं तर ठेवा.”

“अप्पा, काळ बदललाय,” जावई हळूच म्हणाला. “यादी लागली की बोभाटा होतो. आता मानाने जाता येतं. दादांनी तब्येत बघावी, एवढंच माझं म्हणणं. एकोणीस वर्षं झाली. कुणी बोट दाखवायच्या आत आपणहून उठलेलं बरं.”

वहिनीने चमकून पाहिलं. अप्पांचं जुनं घर विकायच्या वेळी ती आणि जावई असे कडाडून भांडले होते, की त्यानंतर दोन वर्षं एकमेकांशी आईमार्फत बोलत होते. आज तो माणूस तिच्या मनातलं जसंच्या तसं बोलत होता. तिला बरं वाटायला हवं होतं. पण आयतं कुणी आपल्या बाजूने बोलायला लागलं की तिला आधी शंका येते, तशी आली.

“माझंही तेच म्हणणं आहे,” ती तरीही म्हणाली. “रात्री झोप नाही, दिवसा बसणं नाही. त्या रिकाम्या हॉलात दिवसभर काय करतात विचारा. वजनं पुसतात! पुसलेली वजनं परत पुसतात.”

“धूळ बसते,” दादा म्हणाला.

“दे बाबा राजीनामा,” बेबी म्हणाली. “उद्याच देऊन टाक.”

आता ही मात्र नवलाची गोष्ट होती. गेल्या महिन्यापर्यंत हीच बेबी अप्पांच्या बाजूने तावातावाने भांडत होती. दादा तू हलू नकोस, खुर्चीला चिकटून बस, म्हणत होती. वहिनीने तिच्याकडे पाहिलं. बेबी ताटातल्या बटाट्याचे तुकडे करत होती, खात नव्हती.

“तू कधी पलटलीस गं?” अप्पांनी विचारलं.

“पलटले काय? दादाचे हाल बघवत नाहीत.”

“मी गेलो तर हाल संपतील?” दादा उठला, पाण्याचा तांब्या उचलला, अदमास घेतला, ठेवला. “मला एकच कळत नाही. माझं काय चुकलं? एक काटा चुकीचा पास केला असेल तर दाखवा. एकोणीस वर्षांत एक! रोज वाटतं, आज कुणीतरी वर येईल, म्हणेल, तुझं इथे चुकलं. कुणी येतच नाही हो.”

एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात खांद्यावर पिशवी अडकवलेला प्लंबर. “वर जाऊन आलो,” तो म्हणाला. “तुमच्या डोक्यावरच्या तिसऱ्या मजल्याला कुलूप आहे. गळती कुठे आहे?”

“कसली गळती?” वहिनीने विचारलं.

“मी बोलावलंय त्यांना,” आई लगबगीने उठली. आईला ऐकू उत्तम येतं, बरं का. समजतं मात्र आपल्या मनाने. “या, या. अजून गळत नाही. महिनाअखेरीला गळणार आहे.”

प्लंबरने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

“महिनाअखेरीला?”

“हो. आमचे जावईबापू म्हणाले ना! गेल्या रविवारी गॅलरीत उभे राहून फोनवर बोलत होते, मी दोरीवरचे कपडे काढत होते. स्वच्छ ऐकलं. ‘तिसऱ्या मजल्यावरची गळती महिनाअखेर आपोआप होईल, आपण हात लावायचा नाही.’ मला असा राग आला! हात लावायचा नाही म्हणजे काय? आमच्या डोक्यावर छत पडायची वाट बघायची? पण जावयाला कुठे बोला, म्हणून गप्प बसले आणि यांना फोन केला.”

“आई,” जावई म्हणाला, “ते वेगळं होतं.”

“वेगळं कसं? पुढे तुम्ही म्हणालात, ‘पाणी तर बंद केलंच आहे.’ तेच मला कळेना.”

“पाणी बंद केल्यावर गळती कशी होईल?” प्लंबर म्हणाला. “तीस वर्षं हेच काम करतोय बाई. पाणी बंद, तर गळती बंद.”

“तेच मी म्हणते!”

बेबीच्या हातातला चमचा ताटात पडला. वहिनीला आधी आवाज ऐकू आला आणि मग सगळं कळलं, एका झटक्यात. तिने दादाकडे पाहिलं. दादा खिडकीपाशी उभा होता आणि आज पहिल्यांदाच त्याचे हात रिकामे होते.

“आमच्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर,” तो सावकाश म्हणाला, “दुरुस्तीला म्हणून नेला. दोन महिने झाले. मी रोज खालून बाटली भरून नेतो. तीन जिने.” मग जावयाकडे वळून, “दुरुस्त व्हायला फार वेळ लागतोय, नाही रे?”

दादा त्याला ‘रे’ म्हणाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“म्हणजे काय? कसली गळती?” अप्पा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

“कंपनीतला शब्द आहे, अप्पा,” जावई म्हणाला. “माणसं आपणहून सोडून जातात ना, त्याला गळती म्हणतात. नैसर्गिक गळती.”

“नैसर्गिक? माणसाचं पाणी तोडून?”

प्लंबरने पिशवी उचलली. छताकडे एकदा नजर टाकली, सवयीने. “छत कोरडं आहे तुमचं,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. शहाणा माणूस.

जावयाला वाटलं, आपणही त्याच्यामागून उतरावं. गॅलरीत फोन घेऊ नये, एवढी साधी अक्कल आपल्याला कशी नव्हती? कर्मचारी खात्यात भिंतीवर तक्ता होता. प्रत्येक मजल्यापुढे दोन आकडे, आज किती आणि वर्षअखेर किती हवेत. काढायचं कुणाला नाही, अशी वरून ताकीद. काढलं की भरपाई, वकील, बातम्या. सुंठीवाचून खोकला जायला हवा होता. तिसऱ्या मजल्यापुढे दुसरा आकडा शून्य होता आणि पहिला शून्यावर आणणं जावयाचं काम होतं. टेबल संडासाशी नेण्याची कल्पना त्याची नव्हती. बसची होती. कूलरची होती. कूलर नेताना त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली होती, की त्या दिवशी तो मागच्या जिन्याने घरी गेला होता. पण हे कुणाला सांगणार, आणि सांगून काय उपयोग?

“मी कुणालाही काढलं नाही, दादा,” तो म्हणाला. “एकालाही नाही. कागद बघा हवं तर.”

“खरंय. दहा जणांनी आपल्या हाताने लिहून दिलं. अकराव्याचंही तयार आहे.” दादाने खिशातून पाकीट काढून टेबलावर, भाताच्या भांड्याशेजारी ठेवलं. “मला वाटत होतं मी कमी पडतोय. माझे हात थरथरतात, माझं डोकं चालत नाही. डॉक्टरकडे जाऊन आलो रे मी! दोनदा! आणि तू दर रविवारी इथे समोर बसून जेवत होतास. ‘दादा, तब्येत बघा’ म्हणत होतास.”

“माझ्या हातात नव्हतं.”

“सांगणं तरी हातात होतं ना?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बसून राहिला असता,” जावई म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्यालाच कळलं आपण काय बोललो ते. साधं, सरळ, खरं बोलून गेला होता तो.

वहिनीचं डोकं भणभणत होतं. शुक्रवारी पेन तिनेच त्याच्या हातात दिलं होतं. ‘लिहा, सुटाल एकदाचे’ असं तिनेच म्हटलं होतं. म्हणजे कंपनीच्या त्या गळतीसाठी ती घरातल्या घरात फुकट राबत होती! ती बेबीकडे वळली.

“तुला माहीत होतं.”

बेबीने पडलेला चमचा उचलून ताटाच्या कडेला लावला.

“बेबी, तुला माहीत होतं ना?”

“हो, होतं!” बेबी एकदम उसळली. “महिन्यापूर्वी सांगितलं यांनी मला. तिसरा मजला शून्य झाला नाही तर यांच्या खात्यातला एक जाणार, आणि तो म्हणजे हेच. मी काय करायला हवं होतं, सांग ना वहिनी! तुझ्या नवऱ्याला वाचवू की माझ्या? तुझी नोकरी आहे. दादाच्या हातात कसब आहे. यांच्या हातात काय आहे? लोकांना घालवायचं कसं, एवढंच शिकवलंय यांना!”

जावयाने मान खाली घातली. बायकोने आपली बाजू घेतली की अब्रू काढली, हे त्याला ठरवता येईना.

बेबी दादाजवळ गेली. रडत नव्हती, पण आवाज फाटला होता. “दादा, तूच जा ना रे. आता मी सरळ मागते. माझ्यासाठी जा.”

दादाने बहिणीकडे पाहिलं. लहानपणी ती मागेल ते त्याने दिलं होतं. स्वतःची खोली दिली, सायकल दिली, कॉलेजचं शेवटचं वर्ष दिलं.

“हे महिन्यापूर्वी मागितलं असतंस ना बेबे,” तो म्हणाला, “तर दुसऱ्या दिवशी दिलं असतं. तुला मी कधी नाही म्हटलंय? पण तुम्ही मला वेडा ठरवून घेणार होता. तसं नाही मी देणार.”

त्याने पाकीट उचललं आणि वहिनीकडे दिलं. वहिनीने ते उभं फाडलं, आडवं फाडलं, आणि तुकडे टाकायला जागा सुचेना म्हणून मुठीतच धरून उभी राहिली.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. आईने टेबल आवरायला घेतलं आणि जावयाचं अर्धं भरलेलं ताट आधी उचललं. सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं, त्याच्या पेल्याशी येऊन तांब्या परत फिरला. अप्पांनी आपली खुर्ची सरकवली, जराशीच, पण पाठ त्याच्याकडे होईल इतकी. मग ते हवेबद्दल बोलले. आईने उत्तर दिलं. वहिनीनेही काहीतरी म्हटलं. जावई म्हणाला, “हो, उकडतंय खरं,” तर बोलणं तिथेच थांबलं आणि थोड्या वेळाने दुसरीकडून सुरू झालं. बेबी कोपऱ्यात उभी राहून पर्सचा बंद पिळत होती.

जावई रिकाम्या टेबलापुढे हात मांडीवर ठेवून बसला होता. उठावं की बसावं, त्याला कळेना.

दादा हे बघत होता. घरात त्याच्याइतकं हे कुणाला ओळखता आलं असतं? पाठमोरी खुर्ची त्याच्या ओळखीची होती. आपण बोललो की थांबणारं बोलणं ओळखीचं होतं. जावयाचा त्याला संताप आला होता, गळा धरावा इतका संताप. पण हे त्याला सोसवेना.

“आई, ताट का उचललंस?”

“त्यांचं झालं होतं.”

“झालं नव्हतं. भात तसाच होता.” तो टेबलापाशी आला. “अप्पा, खुर्ची सरळ करा.”

“मी माझ्या घरात कुठेही तोंड करून बसेन.”

“बसा, पण मग तोंडाने सांगा. या घरात कुणी नको असेल तर त्याला ‘जा’ म्हणायचं. हवा असेल तर ‘बस’ म्हणायचं. हे असं मधलं चालणार नाही. तुम्हाला सांगता येत नसेल तर मी सांगतो.”

तो जावयाच्या समोर जाऊन उभा राहिला. जावईही उठला.

“आज तुम्ही जा,” दादा म्हणाला. “मी जा म्हणतोय. का, ते तुम्हाला माहीत आहे. मला आज तुमचं तोंड बघवत नाही. पुढच्या रविवारी बघवेल की नाही, सांगता येत नाही. बघवलं तर मी स्वतः फोन करून बोलवीन. नाही बघवलं, तर फोन करून तेही सांगेन. बेबी, तुला थांबायचं तर थांब.”

जावयाचे डोळे भरून आले. विचित्र गोष्ट अशी, की त्याला हलकं वाटलं. गेल्या दीड वर्षात त्याच्याशी इतकं सरळ कुणीच बोललं नव्हतं.

“मी यांच्याबरोबर जाते,” बेबी म्हणाली.

“जा.”

दोघं बाहेर पडली. आई पदराने डोळे पुसत आत गेली. अप्पांनी खुर्ची सरळ केली, पण आता तिकडे कुणी नव्हतं. दादा दारात उभा राहिला. जावई चार पायऱ्या उतरला, थांबला आणि वर बघून म्हणाला,

“दादा, उद्या?”

“उद्या दहाला मी तिसऱ्या मजल्यावर असेन. तुम्ही चौथ्यावर आहात, एक जिना उतरून यायचं. माझ्यासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘तुम्ही आम्हाला नको आहात, जा.’ आत्ता मी म्हणालो ना, तसंच. लिहून, खाली सही करून. मी त्याच पावली जाईन, भांडणार नाही.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

“तर मी बसलोय,” दादा म्हणाला.